दोन शेर ज्वारी

आमच्या माहेरी माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. लग्न होऊन धामणगाव बढ्याला आले तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते सासूबाईंनी पूर्ण करू दिलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी मला महिनाभर बुलढाण्याला ठेवलं आणि घरचं सगळं एकटीनं ओढलं. शेजारीण म्हणाली, "सुनेले कलेक्टर करता काय वो?" आत्याबाई म्हणाल्या, "करीन ना. तुहाच अर्ज पयले घ्याले लावीन."

अशा बाईपुढे एका भाकरीसाठी तोंड कसं उघडायचं? माझी सगळी अडचण तीच होती.

मला दिवस गेले आणि पाचवा महिना लागताच माझ्या ताटातली दुसरी भाकर बंद झाली. दूध तर आधीच बंद होतं. आत्याबाई दुष्ट नव्हत्या. त्यांची एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला त्यांनी दूध, तूप, लाडू हातानं भरवले. पोर मोठं झालं, दोन दिवस अडलं, आणि दोघंही गेली. ज्या खोलीत ती गेली तिथंच मी निजत होते. "पोर लहान असलं म्हंजे मोकळी होशील माय," आत्याबाई म्हणायच्या, आणि माझ्या पुढ्यातलं भाकरीचं टोपलं उचलून न्यायच्या.

महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, त्या मला सरकारी दवाखान्यात नेत. सहाव्या महिन्यात नर्सबाईंनी मला काट्यावर उभं केलं. एकेचाळीस किलो. मागच्या महिन्यातही तेवढंच होतं. रांगेतल्या सगळ्या बायांसमोर त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "आजी, दोन जिवांची बाई आहे ही. दूध, डाळ, भाजी पोटभर द्या. महिन्याला दीड-दोन किलो वाढायला पाहिजे. उपाशी ठेवता काय हिला?"

वाटेत आत्याबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेले असंच बोलली तं पुन्हा पाय ठेवणार नाही तिथं. घरी सुईण हाय."

मला दवाखाना सुटायला नको होता. लोहाच्या गोळ्या तिथंच मिळत आणि मनातलं विचारावं असं दुसरं माणूस नव्हतं. महिनाभर मी विचार केला आणि जे सुचलं त्याची आजही लाज वाटते. पुढच्या खेपेच्या दिवशी कणगीतून शेराच्या मापानं दोन मापं, म्हणजे दोनेक किलो ज्वारी काढली, जुन्या फडक्याच्या लांबट पिशवीत भरली आणि लुगड्याखाली कमरेला मागून बांधली. पदवी घेतलेली बाई मी, पाठीवर ज्वारी घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी होते.

गर्दी फार होती. "पोट पुढच्या वेळी बघू," म्हणत नर्सबाईंनी वजन तेवढं केलं. त्रेचाळीस! त्या हसल्या. "बघा आजी, ऐकलंत म्हणून वाढलं."

मला वाटलं, सुटले. पण आत्याबाईंचा चेहरा उतरला होता.

"दोन किलो वाढलं?" घरी येताच त्या म्हणाल्या. "एकाच भाकरीत? मंग पोर भलतंच मोठं होऊन राह्यलं." त्या दिवसापासून संध्याकाळची भाकर अर्धी झाली.

खरं सांगावं तर दवाखाना बंद. न सांगावं तर पोटातलं पोर माझ्याच लबाडीनं उपाशी. मी चोरून भुईमुगाच्या कच्च्या शेंगा खायची आणि टरफलं चुलीत टाकायची. पोर हललं की बरं वाटायचं, हलायला उशीर झाला की कूस बदलून वाट बघायची. असे आठ दिवस काढले. नवव्या दिवशी सकाळी आत्याबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी ती पिशवी पुन्हा भरली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"आत्याबाई, दवाखान्यात माझं वजन वाढलं नव्हतं. हे वाढलं होतं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग सूप थांबलं. त्यांनी पिशवी उचलली, तळहातावर तोलली. कितीतरी वेळ तोलत राहिल्या.

"एवढं पोर वाढाले पायजे होतं?"

"हो."

"अन् वाढलं किती?"

"काहीच नाही."

त्यांनी दुसरा हात माझ्या पोटावर ठेवला. एका हातात ज्वारी, दुसऱ्या हाताखाली मी. मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील. त्या एवढंच म्हणाल्या, "इतकी शिकली, अन् मले सांगाले तुले तोंड नोयतं काय?"

ती ज्वारी त्यांनी त्याच दिवशी दळून आणवली आणि माझी दुसरी भाकर पुन्हा सुरू केली.

पुढच्या खेपेला मी काट्यावर चढण्याआधी त्यांनी भर रांगेत माझी कंबर चाचपली. बाया हसल्या. "हसा, हसा," आत्याबाई म्हणाल्या, "माही सून बी.ए. हाय, तिचा भरोसा नाही." मग काट्याचा आकडा दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"साडेबेचाळीस," नर्सबाई म्हणाल्या आणि कार्डावरचा मागचा आकडा पाहून थबकल्या. मी मान खाली घालून खरं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे एकेचाळीसवरून खरं दीड किलो वाढलं."

"दीड किलो म्हंजे किती शेर वो?" आत्याबाईंनी भिंतीकडे बघतच विचारलं.

पुढे माझी थोरली लेक सुखरूप झाली, अडली नाही. पण ते तेव्हा आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी माझ्या ताटात दोन भाकरी होत्या, वाटीभर वरण होतं आणि पेलाभर दूध. ताट त्यांनीच वाढलं. मी जेवून उठेपर्यंत मात्र त्या माझ्याकडे पाठ करून चुलीपाशी बसून होत्या.