शहाणा तोतया

ऑफिसात तिला सगळे 'तोतयांची आई' म्हणत. नाव ठेवणाऱ्याला वाटलं होतं, बाई चिडेल. पण चिडायलाही अंगात त्राण लागतं, आणि चाळिशी ओलांडलेल्या या बाईचं होतं नव्हतं ते त्राण ऑफिस आणि घर यांनी आधीच वाटून घेतलं होतं.

नाव काही खोटं नव्हतं. तिची कंपनी औषधांच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. गिऱ्हाइकाने औषध मागवलं की ते सॉफ्टवेअर बँकेला विचारणार पैसे आले का, कुरियरला विचारणार गाडी कधी येते, आणि मग पाकीट निघणार. आता नुसत्या चाचणीसाठी रोज खऱ्या बँकेचं आणि खऱ्या कुरियरचं दार कसं ठोठावणार? खोट्या ऑर्डरीसाठी खरी गाडी दारात येऊन उभी राहायची. म्हणून ती कॉम्प्युटरच्या आतच छोट्या बंद खोल्या बांधायची. त्यांना म्हणायचं कंटेनर. एकीत तोतया बँक बसवायची, दुसरीत तोतया कुरियर. सॉफ्टवेअरने विचारलं की तोतयाने अस्सल असल्यासारखं उत्तर द्यायचं. चाचणी संपली की खोल्या पाडायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायच्या. वर्षानुवर्षं हाच धंदा. सगळं सुरळीत चाललं तर या बाईने केलं काय, असं विचारायला मात्र सगळे मोकळे.

एक तोतया तिने घरीही बसवला होता. थोरला भाऊ दूर, दुसऱ्या देशात. आधी तो दर आठवड्याला फोन करायचा, मग महिन्याला, मग सवड मिळेल तसा, आणि ती सवड काही त्याला मिळेना. आई गुडघ्यांनी जायबंदी, दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत. ही दारात चप्पल काढते न काढते तोच आईचा प्रश्न यायचा, दादाचा फोन आला होता का. एकदा आई तापाने फणफणलेली असताना हिच्या तोंडून 'हो' निघून गेलं. आईचा चेहरा असा काही उजळला, की ते 'हो' मागे घेण्याची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून दादा म्हणे हिच्याच ऑफिसात फोन करी, आईला कमी ऐकू येतं म्हणून. गुडघे कसे आहेत विचारी. गोळ्या वेळेवर घ्यायला सांगी. खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून ती हे सारं आईच्या कानाशी मोठ्याने सांगायची. म्हातारीला खरं कळलं तर ती हाय खाईल, याची तिला मनापासून भीती वाटायची.

मग एका सोमवारी नवं सॉफ्टवेअर दुकानांत गेलं आणि दुपारपर्यंत त्याने मान टाकली. खरा कुरियर गर्दीच्या वेळी धड बोलेचना. कधी अर्धवट उत्तर, कधी काहीच नाही. सॉफ्टवेअर बिचारं त्याच्या तोंडाकडे बघत बसलं आणि मागे ऑर्डरी तुंबल्या. कोणाची तरी इन्सुलिनची पाकिटंही त्यात अडकली होती. खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं, हे साहेबांनी बैठकीला येण्याआधीच ठरवलं होतं.

शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर एरवी मूग गिळून बसणारा. त्याने तिचा तोतया कुरियर उघडून नीट वाचला.

"तुमचा हा फार शहाणा आहे हो," तो म्हणाला. "खऱ्याने कसं वागायला हवं ते वाचून तुम्ही हा बनवलात. खरा कसा वागतो, ते बघितलंच नाही."

बोचलं तिला, कारण बरोबर होतं. मग उरलेला दिवस ती त्या तोतयाला बिघडवत बसली. उशिरा बोल, तोडून बोल, बोलूच नकोस. प्रोग्रामरने सॉफ्टवेअरला शिकवलं की उत्तर आलं नाही तर थोडं थांब, ते पाकीट बाजूला ठेव आणि पुढचं घे. संध्याकाळी तोतया ठार गप्प बसला, आणि सॉफ्टवेअर कोसळलं नाही. तिने खुर्चीला पाठ टेकली. आनंद वगैरे काही झाला नाही, नुसतं डोकं ठणकत होतं.

घरी पोचली तर आईचा प्रश्न तयारच होता. नवीन काही रचायला आज तिच्यात जीवच उरला नव्हता.

"नाही आला," ती म्हणाली. मग खुर्चीपाशी येऊन, आईच्या कानाशी वाकून उरलेलंही बोलून टाकलं. "येतच नाही गं आई. कधीचा येत नाही."

आई कोलमडेल म्हणून तिने एक हात पुढे केला होता. आई जागची हललीसुद्धा नाही.

"माहीत आहे मला. माझे गुडघे विचारणारा तो? इथे होता तेव्हा स्वतःच्या डब्यापलीकडे कधी काही विचारलं नाही त्याने. मी काय माझ्या लेकाला ओळखत नाही?"

"मग रोज विचारायचीस कशाला?"

आईने पदर सारखा केला.

"विचारलं की तू स्टुलावर बसायचीस," ती म्हणाली. "नाहीतर दारातून जी स्वयंपाकघरात शिरतेस, ती झोपेपर्यंत दिसत नाहीस."

तिला रडू आलं, पण तेही अर्धवटच. पर्स खांद्यावरच ठेवून ती स्टुलावर बसली. आज आईला सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं.

"मग नको सांगूस," आई म्हणाली. "बस नुसती."