मावशीचा उजवा पाय

आमच्या इमारतीत बातमी अशी होती की मावशीला काहीतरी मोठं दुखणं लागलंय. पुरावेही भक्कम होते. भल्या सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडते. परतते तेव्हा डोळ्यांभोवती लाल वर्तुळं, केस चिप्प ओले आणि अंगाला दवाखान्याचा वास. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं प्रत्येक वाक्य ‘माझं काही म्हणणं नाही हो’ने सुरू होतं आणि म्हणणं मात्र जिना चढून गच्चीपर्यंत जातं. त्यांनी तर मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, जिन्यात गाठून धीर दिला. कशाबद्दल ते काकांना कळलं नाही, पण धीर फुकट मिळतोय तर नाही का म्हणा, म्हणून त्यांनी तो घेतला.

खरं एवढंच होतं की मावशी पुन्हा पोहायला लागली होती. वर्तुळं पोहायच्या चष्म्याची, वास तलावातल्या औषधाचा. दुखणं म्हणायचंच तर एक होतं: क्लबच्या प्रौढांच्या रिले संघात चौथी जागा रिकामी होती आणि ती मावशीला हवी होती. शाळेत असताना ती शर्यती जिंकायची. मग कॉलेज, नोकरी, लग्न असं एकेक सामान घरात येत गेलं आणि पोहणं माळ्यावर गेलं. आता चाळिशी उलटल्यावर तिने ते खाली काढून झटकलं होतं, आणि झटकल्यावर लक्षात आलं की अजून अंगाला होतंय.

अडचण होती ती उजव्या पायाची.

मावशी मोटार शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते, आणि तिच्या पायाशी तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक असतो. समोर भिंत, खांब, म्हैस, काहीही आलं की शिकणारा डोळे मिटतो आणि मावशीचा उजवा पाय खाली जातो. इतक्या वर्षांत तो पाय मावशीला विचारायचा बंद झालाय. तलावावरचे सर तोंडातली शिट्टी न काढताच बोलतात, त्यामुळे त्यांच्या रागालासुद्धा सूर असतो. ते रोज ओरडायचे की वळायच्या आधी दबकतेस. ती रोज म्हणायची, छे. शेवटी सरांनी तिला पाय बघायला सांगितलं. तिने बघितलं, तर भिंत जवळ आली की डावा पाय बिचारा मारत राहायचा आणि उजवा घोट्यात वाकून पाण्याला दाबून धरायचा.

सरांनी त्या दिवशी शिट्टी तोंडातून काढली. “अगं बाई, पाण्याला ब्रेक नसतो.”

घरी या गोष्टीवर हसून हसून काकांना ठसका लागला. मी घरातल्या बोळातून हात मारत पोहत यायचे आणि प्रत्येक दाराशी करकचून ब्रेक मारायचे. मावशीने दोन-तीनदा बघितलं आणि पैज लावली. निवडीच्या शर्यतीत तिने एकदा जरी ब्रेक मारला तर मी म्हणेन ते ती करणार. नाही मारला, तर महिनाभर तिची नक्कल बंद. मी हसतहसत हो म्हटलं.

तेव्हा तिच्याकडे औषधांच्या दुकानाचे मालक गाडी शिकत होते. गोळ्यांची पट्टी कात्रीने अचूक कापणारा माणूस, पण स्टिअरिंग धरायचा ते गरम पातेलं धरल्यासारखं. ब्रेक ते कधी मारायचेच नाहीत. ताई आहेत ना. मावशी एके सकाळी त्यांना मोकळ्या मैदानावर घेऊन गेली, दूर रिकामी पिंपं मांडली आणि सीटवर बसून उजवा पाय मांडीखाली दुमडून घेतला.

“ताई, पाय कुठंय तुमचा?”

“माझ्याखाली. आता ब्रेक तुमचा, भाऊ.”

गाडी सायकलच्या वेगाने पिंपांकडे निघाली. दाबलेला पाय मासळीसारखा तडफडत होता. मावशीने त्याच्यावर आणखी भार टाकला. भाऊंनी रामरक्षेची सुरुवात करावी तसे ओठ हलवले आणि पिंप वीतभर अंतरावर असताना स्वतःच्या पायाने गाडी थांबवली. घाम पुसेपर्यंत मावशी म्हणाली, पुन्हा. भाऊंच्या लायसन्सच्या परीक्षेपर्यंत रोज तेच चाललं. एका पायाला दाबायला शिकवायचं, दुसऱ्याला गप्प बसायला.

निवडीच्या दिवशी शेजारच्या पट्ट्यात दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. उंच, सडसडीत, जागा आपलीच असल्यासारख्या उभ्या. दवाखान्यातल्याच मऊ आवाजात त्या मावशीला म्हणाल्या, “घाबरू नका हं. जरासं टोचेल, एवढंच.”

मावशीने टोपी कानांवर ओढली. “तुम्ही तोंड मिटून ठेवा. पाणी जाईल.”

शिट्टी वाजली. डॉक्टरीणबाई पहिल्या झटक्यातच पुढे गेल्या. पहिलं वळण मावशीने नीट घेतलं, दुसरंही, पण अंतर काही तुटेना. शेवटच्या वळणाची भिंत समोर आली तेव्हा छातीत भाता चालला होता आणि उजव्या पायाला ब्रेकची उबळ आली, ती जुनी, ओळखीची. भिंत वाढत होती, पाय परवानगी मागत होता. मावशीने मनात एवढंच म्हटलं, ब्रेक तुमचा, भाऊ. आणि ब्रेकचा भार भाऊंच्या अंगावर टाकून तिने त्याच वेगात कोलांटी घेतली. भिंतीला दोन्ही पाय असे लागले की सरांची शिट्टी गळून पाण्यात पडली. डॉक्टरीणबाई वळताना किंचित सावरल्या, तेवढ्यात मावशी बरोबरीला आली. मग पुढचं कुणाला नीट दिसलंच नाही, नुसतं पाणी उडत होतं. शेवटालाही तिने वेग सोडला नाही. हात भिंतीवर आदळला, तो डॉक्टरीणबाईंच्या आधी.

करंगळी मुरगळली. सर पाण्यातून शिट्टी काढत म्हणाले, चौथी जागा भरली. डॉक्टरीणबाईंनी स्वतः करंगळीला पट्टी बांधली, आणि बांधताना खरंच जरा टोचलं.

पट्टी बघून खालच्या काकूंनी काकांना पुन्हा जिन्यात गाठलं. माझं काही म्हणणं नाही हो, पण दुखणं आता हातापर्यंत आलंय. काकांनी याही वेळी धीर घेतला.

मावशी मात्र संध्याकाळपासून मुद्दाम माझ्यासमोरच बोळातून येते-जाते, ओले केस झटकते, दाराशी थांबून उजवा पाय हळूच खाली दाबते आणि माझ्याकडे बघते. आणि मला महिनाभर नुसतं बसून बघायचंय.