ट्रकखालचा नट

ज्या कुणी त्या ट्रकखालचा नट मागच्या वेळी आवळला, तो माणूस मला एकदा भेटायला हवा! नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण त्याने नट आवळला नाही हो, कुणावर तरी सूड उगवला. अर्ध्या सांडोर गावाने मला तेलात लोळताना पाहिलं ते त्याच्यामुळे. म्हणजे, बरंचसं त्याच्यामुळे. थोडं माझ्यामुळे. बसा, चहा घ्या. सगळं सांगतो, मग दोषाची वाटणी तुम्हीच करा.

कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि नोकरी करायची नाही हे ठरलं होतं. माझी वर्गमैत्रीण ग्रेसी सांडोरची, घरची वाडी. तिथल्या बायका पहाटे उठून केळफुलं, अळू, माठ, सोनचाफा बांधणार आणि तो माल दलालामार्फतच मुंबईला जाणार? का म्हणून? मला एक दिवसही धीर धरवेना. मी घरोघर भाषणं दिली. वीस घरं तयार झाली. बोरिवलीची एक सोसायटी थेट माल घ्यायला तयार झाली. ग्रेसीचे वडील, इनासकाका, त्यांचा जुना छोटा ट्रक द्यायला तयार झाले. रविवारी सकाळी पहिली खेप!

बायकांनी एवढंच बजावलं होतं, "बाबा, माल एकदा कापला की परत झाडाला चिकटवता येत नाही. तुझी गाडी निघाली नाही, तर आपला बबनशेठच बरा."

बबनशेठ म्हणजे तोच दलाल.

शनिवारी दुपारी काका म्हणाले, "लांब जायचंय. इंजिनचं तेल बदलून आण मेस्त्रीकडून."

"मेस्त्री कशाला? आपली गाडी आपल्याला ओळखता यायला नको?"

"तुला येतं?"

"दोन व्हिडिओ बघितलेत काका!"

खरं तर दीड. दुसरा फारच सावकाश चालला होता.

गोणपाट अंथरलं, खाली सरपटलो. वर बघतो तर एक जाडजूड नट. हाच तो! पाना लावला, सगळा जोर काढला. पाना गर्रकन फिरला, नट जागेवर, आणि माझ्या बोटांची सालटी निघाली. पुन्हा जोर. पुन्हा गर्रकन.

"ओंकार," बाहेरून ग्रेसीचा आवाज, "तू सोडतोयस की आवळतोयस?"

"सोडतोय!"

"मग उलटीकडे फिरव."

आता खाली उताणं झोपल्यावर डावं-उजवं बदलतं, यात माझा काय दोष? पण तोवर नटाचे कोपरे झिजून तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता.

आणि वाडीत बातमी पसरायला वेळ लागतो का? स्कूटर थांबल्या, सायकली थांबल्या. ट्रकखालून मला फक्त चपला दिसत होत्या आणि प्रत्येक चपलेला मत होतं.

"पाइप पाना लाव रे!"

"तापव त्याला!"

"तापवू नको, टाकीत डिझेल आहे, सगळे वर जाऊ!"

"छिन्नी घे, छिन्नी!"

छिन्नी घेतली. तासभर ठोकाठोकी. शेवटी खाड्कन नट आला, सोबत आट्यांचा भुगा आला आणि मागोमाग तेल. निम्मं घमेल्यात, निम्मं माझ्या तोंडावर!

"बघा!" मी बाहेर येऊन ओरडलो. "किती स्वच्छ! मधासारखं दाट! याला म्हणतात निरोगी इंजिन!"

वास सडक्या अंड्यांचा येत होता. पण विजयाच्या क्षणी कोण वास घेतं? मी तसाच उभा राहून स्वावलंबनावर चार वाक्यं बोललो. केसांतून तेल गळत होतं. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पण आता नट परत बसेना! आटेच गेले, बसणार कसा?

"त्यात काय," काका म्हणाले. "टाकीला मारतो तशी खुंटी मारू."

वाडीतल्या पाण्याच्या टाकीचं भोक असंच बुजवतात. काकांनी पेरूच्या फांदीची खुंटी तासली. ग्रेसी म्हणाली, "वर प्लास्टिकची टेप गुंडाळू?"

"प्लास्टिक? आपल्या गाडीला? अजिबात नाही!" मी उसळलो.

मग केळीच्या बुंध्याचं ओलं सोपट सोलून गुंडाळलं. ठाक, ठाक, ठाक! एक थेंब गळेना. वरून इंजिनात सात लिटर नवं तेल ओतलं. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तेल खुणेच्या पार वर.

"जास्त नाही झालं?" ग्रेसी.

"जास्तच बरं. लांब जायचंय ना?"

काकांनी चावी फिरवली. ट्रकने असा निळा-पांढरा धूर सोडला की समोरची केळ दिसेना. गिअर टाकला तर आतून लोखंड दळल्यासारखा आवाज. काकांनी इंजिन बंद केलं, माझ्याकडे न बघता फोन काढला आणि मेस्त्रीला बोलावलं.

हायवेवरचे यादव मेस्त्री संध्याकाळी आले. दोन मिनिटं खाली गेले, बाहेर आले.

"इंजन का तेल किसने निकाला?"

"मैंने!" मी छाती काढून.

"निकाला ही नहीं, साहब. वो तो पूरा अंदर है. आपने गिअरबॉक्स खाली किया." मग ट्रकखाली बोट दाखवत म्हणाले, "और उसमें ये लकडी किसने डाली?"

काका एकदम केळीचे घड मोजायला लागले.

मेस्त्री पुन्हा वाकले. पुढच्या बाजूला एक बारका नट होता. त्यांनी पाना लावला, एक झटका दिला, सुटला. "ये वाला था."

म्हणजे इंजिनात दुप्पट तेल, गिअरबॉक्समध्ये पेरूची फांदी! नवे आटे पाडायला सोमवार उजाडणार होता.

सकाळपर्यंत काहीतरी जमेल म्हणत मी कुणाला थांबवलंच नव्हतं. रविवारी पहाटे वीस घरांचा माल कापून दारात. मी एकेका दारात मान खाली घालून उभा. तोवर ग्रेसीने मला न विचारता बबनशेठला फोन केला होता. तो आला. एक टोमणा नाही हो! तेच जास्त लागलं. उलट म्हणाला, "बस मागे, केळफुलं सांभाळ."

सोसायटीत बबनशेठने माल मांडला. केळफुलाचा चीक हाताला लागू नये म्हणून काय करायचं, अळू कुठलं खाजत नाही, सगळं बायकांना समजावत बसला. मी रॉकेलने चेहरा धुतला होता, कान राहिले होते. तरी राहवेना. एका आजींना गाठून मी पुरती पाच मिनिटं पटवलं की भाजी घेताना आपल्यात आणि वाडीत तिसरं माणूसच असता कामा नये.

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बबनशेठकडे बघत म्हणाल्या, "अगदी पटलं रे बाळा. आता तू जरा बाजूला हो, मला त्या शेतकरीदादांशी बोलू दे."