स्वयंपाकघरातला स्पीकर

आमच्या नात्यात कुणाचा फोन अडला की तो माझ्याकडे येतो. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते, शहराच्या नव्या भागात, सिटी सेंटरला राहते, आणि रविवारचा निम्मा दिवस कुणाची भरलेली मेमरी रिकामी करण्यात, कुणाची अक्षरं मोठी करून देण्यात जातो. त्यामुळे अण्णांचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी शाळेत हिंदी शिकवायचे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याच्या खाली एक भोक ठेवून त्यात नळी बसवली. घसा बसला असं समजून आम्ही चार महिने काढ्यात घालवले होते.

आमचं गाव हिंदी मुलखातलं, पण इथल्या मराठी माणसांना त्यांचा आवाज माहीत होता. मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्या घोषणा तेच करायचे, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. लोक कौतुक करायचे. घरात आम्हाला त्या आवाजाची भीती वाटायची. त्यांनी कधी कुणावर हात उचलला नाही, हेही सांगायला हवं. पण मी दहा वर्षांची असताना आई एकदा गावातच, जयेंद्रगंजला मावशीकडे गेली आणि तिला परतायला अर्धा तास उशीर झाला. अण्णा दारात उभे राहून बोलू लागले. आई पायरीवर, हातात पिशवी, पायात चपला. खासगी बाजार नावाच्या आमच्या मोहल्ल्यातली गल्ली अरुंद, समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा थांबून ऐकत होतं. त्यांचं बोलणं संपेपर्यंत आई तशीच उभी होती. मग आत येऊन तिने कणीक मळायला घेतली. असं महिन्यातून कितीदा व्हायचं ते मी मोजलेलं नाही.

ऑपरेशननंतर घर शांत झालं. अण्णा वहीत लिहून दाखवायचे, सुंदर मास्तरी अक्षरात. आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि तिचा चष्मा नेमका सापडत नसे. तो सापडेपर्यंत अण्णा वही आपटत राहत. त्याच दिवसांत आई बोलकी झाली. मावशीचा फोन आला की पुढच्या खोलीत बसून, स्पीकर लावून, तास तास बोलायची. झाशीच्या तिच्या माहेरच्या गोष्टी मला पहिल्यांदाच तेव्हा कळल्या. संकटात माणूस असं मोकळं होत असेल, असं मला वाटलं.

आधी आम्ही गळ्याला टेकवायचं यंत्र आणलं. ते कातडीला लावून ओठ हलवले की शब्द उमटतात. पण ऑपरेशननंतरच्या रेडिएशनने अण्णांची मान लाकडासारखी कडक झाली होती. डब्यात माशी अडकल्यासारखी घरघर व्हायची आणि एक शब्द कळायचा नाही. तीन दिवसांनी त्यांनी ते खोक्यात घालून दिलं.

मग मी त्यांच्या फोनवर बोलणारं अ‍ॅप टाकलं. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं अ‍ॅप. बोटाने अक्षर काढलं की ते टाइप होईल अशी सोय केली, स्क्रीन लवकर विझू नये म्हणून वेळ वाढवला, आणि नेहमीच्या वाक्यांची बटणं करून एक पान भरलं: पाणी हवं, दुखतंय, पंखा कमी करा, नळी साफ करायची आहे, श्वास अडकतोय. मराठीत फक्त बाईचा आवाज मिळत होता. अण्णांनी तो एकदा ऐकला आणि मान हलवली. हिंदीत पुरुषाचा होता, बातम्या देणाऱ्या माणसासारखा. त्यांनी तो निवडला, मग पहिल्या पानावरची वाक्यंही आम्ही हिंदीत केली.

आई बहुतेक वेळ मागे स्वयंपाकघरात असते, नाहीतर तिथूनच वर जाणाऱ्या जिन्याने छतावर. पुढच्या खोलीतून फोनचा आवाज तिथे पोचणार नाही. म्हणून मी एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणला, मसाल्यांच्या फळीवर ठेवला, जोडून दिला. रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवायचा, हे आईला शिकवलं. अण्णांनी बटण दाबलं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘पानी चाहिए.’ अण्णा हसले. आजारपणात ते हसलेले मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. मलाही फार बरं वाटलं. लॅबमध्ये मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, दोघांनी आपल्या घरच्यांसाठी अ‍ॅपचं नाव लिहून घेतलं.

महिन्याभराने मी एका दुपारी न कळवता गेले. दारातल्या पायऱ्यांवरच तो आवाज ऐकू आला, वरच्या पट्टीत, एकसारखा. ‘कितनी बार कहा है. कितनी बार कहा है. कितनी बार कहा है.’ पुढच्या खोलीत अण्णा खुर्चीत बसून एकच बटण दाबत होते. मला पाहून त्यांनी फोन बाजूला ठेवला. आई आत ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. स्पीकर तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता.

अण्णांना झोप लागल्यावर मी फोन पाहिला. त्यांनी दुसरं पान तयार केलं होतं, मी न शिकवता. ‘इधर आओ.’ ‘कहाँ मर गईं.’ ‘मायके में यही सिखाया था?’ ‘दिमाग़ है कि नहीं.’ आणि शेवटी, सगळ्यात मोठं बटण, ‘चुप.’ पूर्वी ओरडून त्यांचा घसा बसायचा आणि कधीतरी ते थांबायचे. हा आवाज दमत नव्हता.

आई मला सोडायला खालच्या पायरीपर्यंत आली. मी विचारलं, हे किती दिवस चाललंय. ती म्हणाली, बटणं आली तेव्हापासून. मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, “तू तो आवाज काढून टाक. ह्यांचा आवाज गेला तेव्हा मला वाईट नाही वाटलं. बरं वाटलं. कुणाला सांगू नकोस.”

ती पायऱ्या चढून आत गेली. मी ऑटोत बसून घरी आले आणि आठवडाभर त्यावर विचार केला. अण्णांशी सरळ बोलायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण चाळिशीला आले तरी त्यांच्यासमोर उभं राहून बोलायची ताकद माझ्यात नव्हती, त्यांना आवाज नव्हता तरीसुद्धा.

पुढच्या रविवारी मी फोन हातात घेतला, दुसरं पान पुसलं आणि स्पीकर पिशवीत घातला. अण्णांना सांगितलं की नवीन अपडेट आलंय, त्यात काही बटणं उडाली, स्पीकरही आता जोडला जात नाही, दुरुस्त करून आणते. अण्णांनी फोन घेतला, पानं उलटून पाहिली. मग वही ओढली आणि लिहिलं, ‘पहिलं पान कसं राहिलं?’

मी पिशवीची चेन लावली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, फोन बंद केला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी तो हातात घेतला नाही. मी दर रविवारी चार्ज करून त्यांच्यासमोर ठेवायचे. ते तोंड फिरवायचे. वहीसुद्धा क्वचित लिहायचे.

हाक मारायला काहीतरी हवं म्हणून आईने देव्हाऱ्यातली घंटा त्यांच्या उशाशी ठेवली. ती ते दिवसभर वाजवायचे. चहाला, पेपराला, खिडकी लावायला, आणि कशालाच नाही तरी. आई येऊन उभी राहिली की ते भिंतीकडे बघत. मी गेले की आई सांगायची, आज सकाळपासून वीसदा झालं.

थंडीत आमच्याकडे हवा फार कोरडी होते. गळ्यातल्या नळीत कफ सुकतो, वाफ द्यावी लागते, नळी पुनःपुन्हा साफ करावी लागते. आई ते सगळं नेमाने करत होती, त्यात तिने कधी कसूर केली नाही. डॉक्टरांनीसुद्धा तिचं कौतुक केलं होतं. पौषातल्या एका सकाळी धुकं उशिरा विरलं आणि ऊन पडल्यावर ती कपडे वाळत घालायला छतावर गेली. अकराच्या सुमारास मला लॅबमध्ये शेजाऱ्यांचा फोन आला. मी पोचेपर्यंत अण्णा गेले होते. कफाचा खडा नळीत अडकला होता. घंटा गादीवर होती.

हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टरांना एकटीच भेटले. विचारलं, कुणी लगेच पोचलं असतं तर? ते म्हणाले, अशा वेळी एकेक मिनिट महत्त्वाचं असतं, पण केव्हा अडकलं हे आता कोण सांगणार. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. मी तांदूळ धूत होते. आई मागे पाटावर बसली होती. ती म्हणाली, “घंटा ऐकली होती मी.”

मी वळले नाही.

“रोजच वाजायची. मला वाटलं, असेल काहीतरी. दोन कपडे राहिले होते पिळून ठेवलेले. ते घातले आणि मग खाली आले.”

मी पाणी ओतलं, पुन्हा भरलं. तांदूळ केव्हाच स्वच्छ झाले होते. मग मी तिला सांगितलं की मी डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले की क्षणात सगळं संपलं असणार, कुणी शेजारी बसलेलं असतं तरी उपयोग झाला नसता.

“असं म्हणाले?”

“हो. स्वतः म्हणाले.”

“बरं,” आई म्हणाली आणि कुकरची शिटी शोधायला उठली.

तिने ते खरं मानलं की नाही, मला माहीत नाही. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. ती अजून त्याच घरात राहते, हट्टाने एकटी. मी रविवारी जाते. ती मावशीशी झालेलं बोलणं सांगते, झाशीचं सांगते, आणि मी तिच्या फोनमध्ये आलेले नको ते मेसेज पुसून देते.

मला तिला एक सांगायचं आहे ते राहून गेलंय. तिने मला आवाज काढून टाकायला सांगितलं होतं, पण त्यासाठी दुसरं पान पुसणं पुरे होतं. स्पीकर मी फळीवर राहू द्यायला हवा होता. अण्णा रुसले असते, पण अडल्यावर फोन त्यांनी हातात घेतला असता. पहिल्या पानावरचं ‘साँस अटक रही है’ मग तिला छतावरही ऐकू गेलं असतं आणि तिने ते कपडे तसेच टाकले असते. त्या रविवारी मला ओरडणं आणि हाक वेगळी करून पाहायचं सुचलं नाही. मला घाई होती, आणि अण्णा माझ्याकडे बघत होते.