सुट्टीच्या दिवशी उपासना

‘पाळकसाहेब, जरा ऑडियन्स बघा ना,’ असं आमच्या मंडळीचे सेक्रेटरी मला म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उपासनेला ऑडियन्स? अहो, ऑडियन्स नाटकाला असतो, ऑर्केस्ट्राला असतो. देवाच्या दारी येतात त्यांना आमच्या वाडवडिलांनी मंडळी म्हटलं. पण हे बोलून दाखवायची सोय राहिलेली नाही. बोललं की म्हणतात, पाळकसाहेबांच्या नाकावरच राग असतो. असेल! चाळीस वेळा गिळला तरी तो पुन्हा नाकावरच येऊन बसतो, त्याला मी काय करू?

भोसरीतल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक. रविवारी सकाळी नऊला मराठी उपासना आणि ती संपली की इंग्रजी, अशी आमची जुनी रीत. इंग्रजीला वाकडकडची आयटीतली कुटुंबं येतात. भली माणसं आहेत, त्यांच्याशी माझं वैर नाही. माझं वैर आहे ते त्या उपासनेत शिरलेल्या धुराच्या मशीनशी. गाणं रंगात आलं की मंचावर धूर सोडतात. पहिल्यांदा सोडला तेव्हा आमचे दम्याचे एक म्हातारे गृहस्थ खोकत खोकत बाहेर पळाले, आणि बाहेर येऊन मला विचारतात, ‘पाळक, वायर जळाली का हो?’ मी हसून त्यांना खुर्ची दिली. प्रार्थनेला डोळे मिटावेत तर समोर मोबाइल धरून उभा असलेला माणूस सांगतो, जरा डावीकडे सरका, फ्रेममध्ये येत नाही. प्रार्थना झाल्यावर चर्चा कशाची, तर किती जणांनी बघितलं याची. देवाने बघितलं का, हे विचारायला कुणाला सवड नाही.

आणि खरं दुःख वेगळंच होतं. मराठी उपासना ओस पडत चालली होती. कारखान्यात राबणारी आमची माणसं रविवारी दिसेनाशी झाली होती. दर रविवारी मी रिकाम्या खुर्च्यांना उपदेश करायचो, आणि घरी येऊन गुडघे टेकून म्हणायचो, प्रभू, माझी माणसं मला परत दे. वर्ष गेलं, काही हललं नाही. शेवटी बुधवारी संध्याकाळी कमिटी बसली आणि सेक्रेटरींनी ते ऑडियन्सचं वाक्य टाकलं. नऊची वेळ इंग्रजीला द्यायची, मराठी बंद. जे चार म्हातारे उरलेत त्यांनी इंग्रजीतच मागे बसावं, गाण्याचे शब्द पडद्यावर येतातच, असं ठरत आलं होतं. शेवटचा निर्णय येत्या रविवारी. मी उठून सरळ स्कूटर काढली. बोललो असतो तर पाळकाला न शोभणारं बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटणीच्या घरात मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. आमच्या पाळकीणबाई, म्हणजे माझी बायको, म्हणाली, ‘अहो, कपाटाची दारं आपटून कमिटी सुधारणार आहे का? जा, जरा बाहेर जाऊन या.’ मला एकदम माझी बाजाची पेटी आठवली. ड्रमसेटला जागा हवी म्हणून ती उपासनागृहातल्या जिन्याखाली झाडूंच्या शेजारी ढकलली होती. ठरवलं, आज जायचं, पेटी उचलायची, घरी आणायची. ती माझ्या वडिलांची पेटी. ती तिथे अपमानात राहायला नको. स्कूटर काढली आणि भोसरीला निघालो.

गुरुवारची भोसरी वेगळीच असते. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे वर्कशॉपची शटरं खाली, लेथचा आवाज नाही, पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात. आमच्या उपासनागृहाशेजारी तात्यांची पिठाची गिरणी आहे. तात्या इथल्या जुन्या गावातले. गुरुवारी लाइटीचा भरवसा नसतो म्हणून गिरणी बंद ठेवून ते बाहेर खुर्ची टाकून बसलेले असतात. मला बघताच ते ओरडले, ‘व्हय ओ पाळक! आज घावला बरं! तुमची मान्सं दर गुरवारी येऊन बसत्यात, अन् तुमचा पत्ता न्हाई. पाणी आमी पाजायचं अन् पुण्य तुमी न्यायचं व्हय?’

मला काही उमजेना. ‘कुठली माणसं, तात्या?’

त्यांनी हनुवटीने पायरीकडे दाखवलं. कुलूपबंद दारासमोर, पायरीवर आणि खाली वर्तमानपत्र अंथरून पंधरा-वीस माणसं बसली होती. बायका, पुरुष, मांडीवर लेकरं. डोक्यावर पदर घेऊन एक बाई भजन सांगत होती आणि बाकीचे मागे म्हणत होते. माझ्या लहानपणी नगरकडे म्हणायचे ती चाल. मी हेल्मेट हातात धरून तसाच उभा राहिलो. भजन संपल्यावर त्या बाई उठून पुढे आल्या.

‘सलाम साहेब. तुमी पाळकसाहेब का? मी सुमन. आमी समदे जालन्याकडचे. वरीस झालं, हितं कंपनीत कामाला हावोत.’

मी विचारलं, ‘पण आज कसे आलात? आज गुरुवार.’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. मग त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं. ‘बोर्डावर लिव्हलंय ना साहेब. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता उपासना. सुट्टी गुरवारचीच असती. रयवारी तर आमची ड्यूटी असती.’

तो बोर्ड मीच रंगवून घेतला होता. आमच्या गावाकडे सुट्टी म्हणजे रविवार. शाळेची, कचेरीची, देवाची. भोसरीत सुट्टी म्हणजे गुरुवार, हे शेंबडं पोरही सांगेल, मलाही ठाऊक होतं, पण बोर्ड वाचणारा ते तसं वाचेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्षभर ही माणसं सुट्टीच्या दिवशी अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून येत होती, कुलूप बघत होती, पायरीवर बसून आपली आपण प्रार्थना करून परत जात होती. आणि मी माणसं दे, माणसं दे म्हणून देवाच्या मागे लागलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

‘अहो, मग कुणाला विचारायचं तरी,’ मी म्हणालो. मला तेव्हाही रागच आला होता, कुणावर ते सांगता येत नाही.

‘आमाला वाटलं, साहेबांना उपासनेला फिराया लई गावं असतील. जमत नसंल यायला,’ सुमनबाई म्हणाल्या.

मी तात्यांकडे वळलो. ‘तात्या, तुम्ही तरी सांगायचं!’

‘आता मला काय ठावं? मला वाटलं तुमच्यात असंच असंल. पायरीवर बसून करायचं.’

मी कुलूप काढलं. सगळे आत आले, चपला ओळीने बाहेर. जिन्याखालून पेटी ओढून काढली, धूळ झटकली. मी ती वाजवायला बसलो. सुमनबाईंनी हळूच विचारलं, ‘साहेब, प्रभुभोजन देता का आज? गाव सोडल्यापासून मिळालं न्हाई. माझ्या धाकट्याला तर अजून ठावंच न्हाई ते काय असतं.’

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेणं, महिन्याच्या पहिल्या रविवारी, असा आमचा नियम. कपाटात द्राक्षरसाची बाटली होती, भाकर नव्हती. मी इकडेतिकडे पाहतोय तोवर एका बाईने पिशवीतला डबा उघडला आणि चपाती पुढे केली. मी ती हातात घेतली, उपकार मानले, मोडली. वर्षानुवर्षं जे शब्द मी घडाघडा म्हणत आलो होतो, ते त्या दिवशी मला म्हणवेनात. डोळे पुसत पुसत म्हणालो. आणि मी रडतोय हे बघून कुणी मोबाइल काढला नाही.

बातमी सेक्रेटरींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रविवारी उपासनेनंतर कमिटी पुन्हा बसली. ‘कमिटीला न विचारता प्रभुभोजन? तेही गुरुवारी? आणि चपाती?’ चपाती हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू मी वेदीवर बूट ठेवले होते. चाकणला मोठ्या कंपनीत ते मॅनेजर आहेत, त्यांच्या घरी काय रोज केक भाजतात? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रात्रभर जागून मी उत्तर तयार केलं होतं. एकेकाला नावानिशी सुनवायचं होतं. पण मी गुरुवारच्या उपासनेचं नाव काढताच ते म्हणाले, ‘दोन्ही चालणार नाही, पाळकसाहेब. तुम्हाला गुरुवार हवा असेल तर रविवार सोडावा लागेल.’

त्यांना वाटलं असावं, मी घाबरेन. पाळकाने रविवार सोडायचा म्हणजे काय, शेतकऱ्याने जमीन सोडण्यासारखं. मी तोंड उघडलं ते भांडायलाच. आणि तोंडातून आलं, ‘घ्या. रविवार तुमचा.’

सगळ्यांत जास्त धक्का मलाच बसला होता. तो शब्द मी ठरवला नव्हता, माझ्या स्वभावातही तो बसत नाही. कुठून आला, यावर मी वाद घालत नाही. सेक्रेटरींनी दोनदा विचारलं, नक्की ना? दोन्ही वेळा मी हो म्हणालो. घरी आल्यावर पाळकीणबाईंनी माझं कपाळ चाचपून पाहिलं. ताप नाही ना, म्हणे.

आता गुरुवारी उपासना होते. लाइट गेली तर माइक नाही, मग मी ओरडून उपदेश करतो, तेवढा आवाज रागाने मला दिलेला आहेच. ते चार म्हातारेही गुरुवारी येतात, दम्याचे गृहस्थ सगळ्यांत आधी. चपलांचा ढीग गिरणीच्या दारापर्यंत जातो म्हणून तात्या मला शिव्या घालतात आणि पाण्याचा माठ भरून ठेवतात. सुमनबाईंचा धाकटा प्रभुभोजनाच्या वेळी फार गंभीर चेहरा करून रांगेत उभा राहतो.

राग गेला का म्हणाल, तर नाही गेला. धुराचं मशीन अजून आहे, ऑडियन्सही आहे, आणि ते आठवलं की अजून माझं रक्त तापतं. ज्या माणसांच्या घामावर हा सगळा कारखान्यांचा पट्टा चालतो त्यांच्यासाठी देवाचं दार बंद राहावं, याचा राग कुणाला आला नाही तर त्याने पाळक होऊ नये, असं माझं मत आहे. पण एक गोष्ट मी सोडून दिली. मंडळी आणणं माझ्या हातात आहे, असं मला वाटायचं, ते आता वाटत नाही. मी मागत होतो त्या वेळी तो देतच होता, फक्त माझ्या दिवशी नाही, त्याच्या दिवशी. त्याचे उपकार मानायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. म्हणून रोज एवढंच मागतो: प्रभू, माणसं आणणं तुझं काम, ते तू कर. किल्ली माझ्याकडे आहे. तेवढं मला गुरुवारी नऊच्या आत पोचव.