गार गाडीच बघणारी गिअरताई

तिचे आभार मला तोंडाने मानता आले नाहीत, म्हणून लिहून ठेवतोय. गल्लीत तिला सगळे गिअरताई म्हणतात. पन्नाशीची बाई, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. वडिलांच्या हाताखाली काम शिकली आणि गिअरबॉक्सशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

पहिल्या दिवशी मात्र तिने माझं टाळकं फिरवलं. गाडी घेऊन गेलो, तर म्हणाली, "काका, गरम गाडी मी बघत नाही. घरी न्या. उद्या सकाळी येते, तोवर चावीला हात लावू नका."

मी जन्मभर मुलांना गप्प बसवलेला मास्तर. पण गरज माझी होती. थंडी पडल्यापासून आमची ऑटोमॅटिक गाडी सकाळी हटून बसायची. गिअर टाकला तरी ढिम्म, मग एकदम धक्का देऊन निघायची. दुपारी मात्र शहाण्यासारखी चालायची. मोठ्या गॅरेजवाल्याने दुपारीच एक चक्कर मारली आणि म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, तीन आठवडे गाडी विसरा. आणि इथे बायकोचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला.

खरी धास्ती वेगळीच होती. परवा गाडी अशीच अडली, तेव्हा ही शांतपणे सीटचा पट्टा सोडत म्हणाली, "गाडीलाही कंटाळा आलाय, मलाही. राहू द्या आज." कसंबसं नेलं हिला. पण त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

गिअरताई दुसऱ्या दिवशी सहाला हजर. काचेवर दव होतं. तिने बॉनेटवर तळहात ठेवून गाडी गार असल्याची खात्री केली, इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून गिअर टाकला आणि मोठ्याने मोजायला लागली. सात म्हणताच धक्का बसला.

"गिअरचं तेल बघता का?"

"दर रविवारी. पूर्ण भरलेलं असतं."

"इंजिन बंद ठेवून बघता?"

"मग? इंजिनाचं तेल तसंच बघतात की."

"या गाडीत गिअरचं तसं नसतं, काका. इंजिन बंद असलं की सगळं तेल खाली उतरतं आणि मापाची पट्टी भरलेली दिसते." तिने गाडी चालू ठेवूनच ती पट्टी ओढून दाखवली. टोकाला जेमतेम ओल होती. तेल कमी, त्यात थंडीने घट्ट, म्हणून गिअर धरायला उशीर. तापलं की तेच तेल पातळ होऊन फुगतं आणि दुखणं लपतं. खाली एका नळीचा जोड गळत होता. तिने वॉशर बदलला, तेल भरलं आणि म्हणाली, "निकाल उद्या, गाडी गार झाल्यावर."

बायको दारातून विचारत होती, काय झालं होतं. "जोड गळत होता," एवढंच गिअरताई म्हणाली. माझा गाढवपणा तिने झाकला. मग मीच हिला सगळं सांगून टाकलं. ही किती तरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. गिअरताई पुन्हा आली, माझ्या शेजारी बसली. ही मागे, पट्टा न लावता. मी गिअर टाकला.

"एक," गिअरताई म्हणाली. दोन म्हणायची वेळच आली नाही, गाडीने गिअर धरला होता.

मी तिचे आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागे पट्ट्याचा खटका वाजला.

"चला," ही म्हणाली. "उशीर होईल."