वाळलेले कपडे वाळत घालण्याची नोकरी

चादर माझ्याच हातून पडली. हे आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांना नावं ठेवताना मन स्वच्छ राहील.

त्या आठवड्यात दोना फेलिस्मिनांचा, म्हणजे वरच्या लॉजवाल्या फेलिस्मिनाबाईंचा, उजवा गुडघा संपावर गेला होता. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्यांनी हाक मारली, "लिओनेल! ती घड्याळं काही पळून जात नाहीत. वर ये आणि चादरी वाळत घाल." माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच इमारतीच्या पायाशी आहे, आणि त्या हाकेला 'नंतर येतो' असं उत्तर आमच्या गल्लीत अजून कुणी दिलेलं नाही. गेलो. खिडकीबाहेरच्या दोरीवर चादर पसरली, एका टोकाला चिमटा लावला, दुसरा चिमटा दातांत धरला आणि समोरच्या खिडकीतल्या बाईंना 'नमस्कार' म्हणायला गेलो. दातांत चिमटा धरून नमस्कार म्हणता येत नाही. तोंड उघडलं, चिमटा सुटला, तो झेलायला मी चादर सोडली, आणि एका चिमट्याला न जुमानता त्याच्यामागे मोठ्या पलंगाची ओली चादर तीन मजले खाली गेली.

खाली समोरच्या नव्या हॉटेलच्या दारात एक गृहस्थ मोबाइलवर बोलत उभे होते. पुढच्या क्षणी तिथे एक पांढरं भूत उभं होतं आणि ते अजून मोबाइलवर बोलत होतं.

"जमिनीला लागली का?" आतून आवाज आला.

"नाही, माणसावर पडली."

"मग ठीक. माणूस स्वच्छ आहे ना?"

माणूस अतिशय स्वच्छ होता. पाच मिनिटांनी तो चादरीची घडी हातावर घेऊन, धापा टाकत वर आला. मी दाराआड झालो. पण त्याचा चेहरा भांडायला आलेल्या माणसाचा नव्हता, देवळात आलेल्या माणसाचा होता.

"किती खरं आहे हे!" तो म्हणाला.

"काय?" दोना फेलिस्मिनांनी विचारलं.

"सगळंच. हा जिना, हा साबणाचा वास, ही चादर."

"चादर खरीच असते. खोटी आमच्याकडे नाही. द्या इकडे, पुन्हा धुवायला हवी."

हे डॉक्टर दुआर्त व्हिल्येना. चार बुकं शिकलेल्या माणसाला आमच्या लिस्बनमध्ये डॉक्टर म्हणतात. ताप उतरवता आलाच पाहिजे असं काही नाही. समोरचं हॉटेल त्यांच्या कंपनीचं. कोळशाची वखार होती तिथे. वखार गेली, कोळसेवाला गेला, मात्र कोळशाचं एक पोतं काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवलंय आणि पाहुणे त्याच्यासमोर माना तिरक्या करून उभे राहतात. कोळसेवाला होता तेव्हा त्याच्याकडे सरळ मानेनंसुद्धा कुणी बघितलं नव्हतं. हॉटेलचं नाव 'उसाशाचं घर'. नाव योग्य आहे. बिल हातात पडलं की पहिला उसासा तिथेच निघतो.

आता दोना फेलिस्मिनांबद्दल. सतराव्या वर्षी त्या उत्तरेकडच्या मिन्यूतून एक ट्रंक आणि एक कोंबडी घेऊन या मजल्यावर मोलकरीण म्हणून आल्या. कोंबडी पहिल्याच रविवारी संपली, ट्रंक अजून आहे. मालकीणबाईंना मूलबाळ नव्हतं. जाताना त्यांनी अख्खा मजला यांच्या नावावर केला, आणि सहा खोल्यांची ती खाणावळवजा लॉज दोना फेलिस्मिना आज पन्नास वर्षं चालवताहेत. दारावर पितळी पाटी आहे. ती चमकते, कारण ती त्या स्वतः घासतात.

लोक हॉटेल निवडतात. इथे हॉटेल लोकांना निवडतं. दारात उभ्या असलेल्या माणसाला तीन प्रश्न: कुठून आलात, जेवलात का, आणि घोरता का. घोरणाऱ्याला जिन्याजवळची सहा नंबरची खोली. 'घोरत नाही' म्हणणाऱ्या नवऱ्याच्या बायकोकडे एकदा बघायचं, आणि तरीही सहा नंबर. येणारे बहुतेक खेड्यांतले, मोठ्या इस्पितळात कुणाला तरी दाखवायला आलेले. हातात एक्सरेचं पाकीट आणि घरची सॉसेजं. सकाळी त्यांना पाव, लोणी, बीही नावाच्या आंबटगोड फळाची घट्ट वडी आणि वाडगाभर दूधकॉफी. तपासणीचा निकाल वाईट आला तर त्या दिवशी वडीचा तुकडा मोठा.

आणि चार नंबरमध्ये सिन्योर आनिबाल. वय एक्याऐंशी. जन्मभर ट्राम हाकली. बायको गेल्यावर 'दोन आठवड्यांसाठी' म्हणून राहायला आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. दाराआडच्या खुंटीवर त्यांचा ट्रामच्या गणवेशाचा जाड कोट आहे. तो ते घालत नाहीत, पण रोज झटकतात.

तर डॉक्टर व्हिल्येनांनी चादरीखालून बाहेर येऊन मांडलेला प्रस्ताव असा: हा मजला हॉटेलला जोडायचा. दोना फेलिस्मिनांना हॉटेलच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला, बिनजिन्याची खोली मिळणार. शिवाय जन्मभर पगार.

"आणि काम?"

"काम काहीच नाही. तुम्ही फक्त असायचं."

"असायचं म्हणजे?"

"म्हणजे… एप्रन घालून, दारात. हसून."

"आणि सिन्योर आनिबाल?"

"त्यांची सोय आम्ही नदीपलीकडे, बारेइरूला करू. चांगली संस्था आहे. चार नंबरच्या जागी वाचनाचा कोपरा होईल."

सिन्योर आनिबाल कॉफी घ्यायला बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वाडगा खाली ठेवून ते म्हणाले, "मला फक्त उतरायचं कुठे ते वेळेवर सांगा. सामान गोळा करायला हात हळू चालतात."

दोना फेलिस्मिना गुडघा चोळत राहिल्या. तो प्रस्ताव वेडगळ होता असं मुळीच नाही, हे मला इथे सांगायलाच हवं. तीन जिने, सहा खोल्या आणि एकच गुडघा, हा हिशेब चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणालाच सुटत नाही. डॉक्टर गेल्यावर मीच म्हणालो, "दोना फेलिस्मिना, विचार करा. जिना तुम्हाला खातोय."

"विचार करतेय. पण आधी ते घर बघीन. लोक मुलगी देताना सासर बघतात, मी तर अख्खा मजला देतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सासर बघायला गेलो. त्यांनी देवदर्शनाचा काळा झगा घातला होता आणि हातात पिशवी होती. पिशवीत काय, हे मी विचारलं नाही.

हॉटेलात खोल्यांना नंबर नव्हते, नावं होती. दारातल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "तुम्हाला आधी 'हुरहूर' दाखवते."

"आधी संडास दाखव, बाळ. हुरहूर घरी आहे."

न्हाणीघराला भिंतीऐवजी काच होती. आतला माणूस पलंगावरच्या माणसाला नखशिखांत दिसेल अशी. मुलगी म्हणाली, "त्यामुळे मोकळं वाटतं."

"कोणाला?" दोना फेलिस्मिनांनी विचारलं. मुलीला हा प्रश्न प्रशिक्षणात शिकवला नसावा.

मग परीक्षा सुरू झाली. कुठल्याही लॉजमध्ये शिरल्यावर त्या तीन गोष्टी बघतात. पहिली, दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचं. बोट काळं झालं. कोळशाची आठवण जपली होती म्हणायची. दुसरी, गादी उचलून खालची बाजू बघायची. गादीवर सात उशा होत्या. "इथे किती डोकी झोपतात?" असं म्हणत त्यांनी उशा एकेक करून माझ्या हातांत दिल्या, आणि पुढचा सगळा वेळ मी सात उशांमागून बोलत होतो. तिसरी परीक्षा पाण्याची. नळ सोडायचा, खाली हात धरायचा आणि मरियेची प्रार्थना म्हणायला लागायचं. त्यांच्या घरी दुसऱ्या प्रार्थनेच्या 'आमेन'ला पाणी कढत येतं. इथे दहा झाल्या, जपमाळेतला मोठा मणी आला, पाणी थंडच.

"अकरावी म्हणू?" त्यांनी मुलीला विचारलं. "की तुमच्याकडे दुसरा कुठला देव आहे?"

कपाट नव्हतं. खुंटीही नव्हती. छताला दोन दोऱ्यांनी एक वाळकी फांदी टांगली होती. कपडे तिच्यावर अडकवायचे.

"फांदीवर कावळे बसतात," त्या म्हणाल्या.

न्याहारीला काय देता, विचारलं. दगडाच्या पाटीवर अर्धा टोमॅटो आणि पावाचे दोन तुकडे. "उरलेला अर्धा टोमॅटो कोणाला देता?" मुलगी डॉक्टरांना बोलवायला पळाली. शेवटी डॉक्टर व्हिल्येना धावत आले आणि आम्हाला वरच्या गॅलरीत घेऊन गेले. हीच ती गॅलरी, जिच्यावरून गल्लीतल्या बायका हॉटेल उघडल्यापासून हसताहेत. तिथे शोभेसाठी कपडे वाळत घातले होते. तलम सुती चार सदरे, दोन परकर, एक टेबलक्लॉथ. कुणाच्याच मापाचे नाहीत, कुणी कधी न घातलेले. सदरे खांद्यांना चिमटे लावून टांगलेले. आमच्याकडची सात वर्षांची पोरसुद्धा सदरा खालच्या कडेला चिमटे लावून उलटा टांगते, नाहीतर खांद्यावर दोन शिंगं उगवतात. शिवाय हे कपडे फेब्रुवारीपासून बाहेर होते. त्यांनी तीन वादळं आणि असंख्य कबुतरं पाहिली होती.

दोना फेलिस्मिनांच्या तोंडून 'शी!' निघालं. आणि मग हात आपोआप चालू झाले. पिशवी उघडली; पिशवीत चिमटे होते. सदरे उतरले, झटकले गेले, उलटे झाले, परकर कमरपट्ट्याने टांगले गेले, टेबलक्लॉथची एक कड ओढून सरळ झाली. दोन मिनिटं लागली असतील. खाली गल्लीत पाच-सहा पाहुणे माना वर करून फोटो काढायला लागले. एकीनं टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांचे डोळे भरून आले. "हेच! अगदी हेच! दोना फेलिस्मिना, दारात उभं राहायचं राहू द्या. तुम्ही रोज चार ते सहा हे करायचं."

"काय करायचं?"

"कपडे वाळत घालायचे."

"ओले कुठे आहेत?"

"ओले नकोत, पाणी पाहुण्यांच्या अंगावर गळतं." इथे त्यांनी माझ्याकडे ओझरतं पाहिलं. "हेच घालायचे. सहा वाजता काढायचे, उद्या पुन्हा घालायचे."

दोना फेलिस्मिनांनी राहिलेला एक चिमटा बोटांत उघडला, मिटला. "म्हणजे वाळलेले कपडे वाळवायचे?"

"तसं म्हणता येईल."

"आणि त्यासाठी सिन्योर आनिबालनी नदी ओलांडायची."

डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी कागद घेऊन येतो.

आले. कागद जाड होता, वर उसाशाचं चित्र होतं. म्हणजे एक वेटोळं होतं, ते उसासा आहे असं त्यांनी सांगितलं. दोना फेलिस्मिनांनी त्यांना बसवलं, कॉफी दिली, वडीचा मोठा तुकडा दिला. निकाल वाईट आहे हे मी तिथेच ओळखलं.

"डॉक्टर, एवढंच सांगा. चार नंबरमधल्या कोटाचं काय?"

"कुठला कोट?"

त्यांनी चार नंबरचं दार उघडून दाखवला. सिन्योर आनिबाल पलंगावर बसले होते, पायाशी दोरीनं बांधलेली सूटकेस. रात्रीच भरून ठेवलेली. हात हळू चालतात ना. खुंटीवर मात्र कोट अजून होता.

"अप्रतिम!" डॉक्टर कोटाकडे बघून म्हणाले. "हा मात्र इथेच राहू द्या. वाचनाच्या कोपऱ्यात शोभेल."

दोना फेलिस्मिना वाकल्या. गुडघा किती कडकडला ते मला दारातून ऐकू आलं. सूटकेसची दोरी सोडली आणि उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, घर पाहिलं. पसंत नाही," त्या म्हणाल्या. "आनिबाल, बूट काढा. पलंगपोस आजच धुतलाय."

डॉक्टर व्हिल्येनांनी कॉफी संपवली, वडी रुमालात बांधून घेतली, आणि गेले. आता ते पलीकडच्या गल्लीत चर्चमागची एक शिंपीण गाठताहेत असं ऐकतो. तिला रोज चार ते सहा शिवलेलं शिवायला लावणार असतील. गॅलरीतले सदरे पुन्हा खांद्यांना चिमटे लावून टांगलेत, आणि पाहुणे अजून फोटो काढतात. माझ्या दुकानात येऊन विचारतात, "इथलं खरंखुरं वातावरण असलेलं हॉटेल कुठलं?" मी वर बोट दाखवतो. ते तीन जिने चढतात, तीन प्रश्न ऐकतात, आणि बहुतेक सहा नंबरमध्ये झोपतात.

गुडघा मात्र काही पसंत-नापसंत बघत नाही. तो आहे तसाच आहे, किंबहुना थोडा जास्तच. मंगळवारी आणि शुक्रवारी मी दुकानाला कडी घालून वर जातो. परवा पिळलेल्या चादरींची टोपली खिडकीशी ठेवताना मला राहवलं नाही.

"दोना फेलिस्मिना, रागावू नका. पण उद्या हा गुडघा अजिबातच चालेनासा झाला तर? हा मजला, या खोल्या, सिन्योर आनिबाल, ती इस्पितळात येणारी माणसं… कोण बघणार हे सगळं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दातांकडे.

"तोवर तू चिमटा हातात धरायला शीक."